रविवार, रात्री बारा सत्तावन्न

आंबेगाव तालुक्यात मूळ आंबेगाव शोधायला गेलात तर सापडत नाही. तालुक्याचं ठिकाण घोडेगाव, मोठी बाजारपेठ मंचरची. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं ते गाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. एखाद्या उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं, की जुन्या देवळांचे दगड आणि घरांची जोती उघडी पडतात. मग म्हातारी माणसं नातवंडांना घेऊन काठावर येतात आणि हात लांब करून सांगतात, तिथं आपलं घर होतं.

अशा उठलेल्या गावांचे कागद जमवणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी काही वर्षं संगणकाचं काम पाहिलं. संस्थेचं नाव सांगत नाही. चूक माझीही होती, आणि तशीच चूक आजही कितीतरी ठिकाणी चालू असणार. आम्ही घरोघर जाऊन लग्नातले फोटो, शाळेचे दाखले, भूसंपादनाच्या नोटिसा, बायकांनी जात्यावरच्या ओव्या म्हटलेल्या कॅसेटी मागून आणायचो. स्कॅन करायचो, कॅसेटी संगणकात उतरवायचो आणि मूळ वस्तू ज्याची त्याला परत द्यायचो. परत देताना आमचे गुरुजी म्हणायचे, "आता काळजी करू नका, हे कायमचं राहिलं."

ते सगळं एका सर्व्हरवर होतं. त्यात चार डिस्क होत्या आणि त्यांची जोडणी अशी, की कुठलीही एक डिस्क गेली तरी माहिती जात नाही. एका मे महिन्यात एक डिस्क गेली. मी निवांत होते. पुण्याहून नवी डिस्क आणली, बसवली, आणि उरलेल्या तीन डिस्क वाचून चौथी पुन्हा भरून काढण्याचं काम यंत्राने सुरू केलं. संध्याकाळपर्यंत ते अर्ध्यावर आलं आणि थांबलं. उरलेल्या तिनांपैकी एका डिस्कवरचा काही भाग वाचताच येत नव्हता. एक डिस्क गेली तर चालतं, दोन चालत नाहीत. ही दुसरी डिस्क पूर्ण गेली नव्हती, तिच्यावरच्या मोजक्या जागा गेल्या होत्या. पण त्या जागांपुरतं गणित तेच.

त्या जागा कधी खराब झाल्या, हे सांगता येईना. त्यांच्यावरच्या फायली स्कॅन केल्या त्या दिवसानंतर कोणी उघडल्याच नव्हत्या. अशा जागा वेळेवर शोधून दुरुस्त करण्याची सोय त्या यंत्रात पहिल्या दिवसापासून होती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, रात्री १२ वाजून ५७ मिनिटांनी, यंत्राने आपणहून सगळ्या डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून काढायच्या, असं वेळापत्रक त्यात लिहिलेलं होतं. नोंदी पाहिल्या तेव्हा कळलं, की ते वाचन एकदाही झालं नव्हतं.

का झालं नव्हतं, ते शेवटी येईल. त्याआधी मी त्या वेळापत्रकाचा इतिहास शोधत बसले. रात्रीच का, रविवारच का, आणि कोणी मागितलेलं नसताना यंत्राने वाचायचंच कशासाठी?

ताळा

शाळेत गणित सोडवल्यावर बाई म्हणायच्या, ताळा करून पाहा. उत्तर पुन्हा काढायचं नाही, ते बरोबर आहे की नाही एवढंच दुसऱ्या वाटेने तपासायचं. वाण्याच्या वहीतही दिवसअखेर ताळा जमावा लागतो. संगणकाच्या साठवणीत माहितीच्या जोडीला जो जादा मजकूर ठेवतात, तो या अर्थाने ताळाच असतो.

या विचाराची एक सुरुवात शनिवार-रविवारशी जोडलेली आहे. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये रिचर्ड हॅमिंग नावाचे गणिती काम करत. तिथला रिलेवर चालणारा संगणक त्यांना सुट्टीच्या दिवशी मिळायचा. आठवड्यात चूक झाली तर यंत्र थांबायचं आणि कोणीतरी येऊन ते पुढे ढकलायचं. सुट्टीत माणूस नसायचा, म्हणून यंत्र चुकलेलं काम सोडून पुढच्या कामाला लागायचं. सोमवारी हॅमिंग यायचे तेव्हा हाती काहीच नसायचं. चूक झाल्याचं यंत्राला कळतं, तर ती कुठे झाली हे शोधून ते स्वतःच का सुधारत नाही, या वैतागातून त्यांचं काम निघालं. चूक ओळखणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या संकेतांवरचा त्यांचा लेख १९५० साली प्रसिद्ध झाला.

१९५६ मध्ये आयबीएमने रामॅक हा संगणक बाजारात आणला. त्यात पहिली चुंबकीय डिस्क होती. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, आणि त्या सगळ्यांवर मिळून मावायची जेमतेम ५० लाख अक्षरं. पुढची तीस वर्षं मोठ्या संगणकांच्या डिस्क मोठ्या आणि महागच राहिल्या. १९८० च्या दशकात घरगुती संगणकांसाठी छोट्या, स्वस्त डिस्क निघाल्या. तेव्हा बर्कलीच्या विद्यापीठातले डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली शिकागोतल्या एका परिषदेत एक निबंध मांडला. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधा, असं त्यांचं म्हणणं होतं. नाव दिलं रिडंडंट ॲरे ऑफ इनएक्स्पेन्सिव्ह डिस्क्स. आद्याक्षरं जोडून रेड. पुढे 'इनएक्स्पेन्सिव्ह' जाऊन 'इंडिपेंडंट' आलं, कारण या जोडण्या विकणाऱ्यांना स्वस्त म्हणवून घेणं परवडणारं नव्हतं, असं गमतीने म्हणतात.

डिस्क जितक्या जास्त, तितकी त्यांतली एखादी बिघडण्याची शक्यता जास्त. त्यावरचा उपाय म्हणजे ताळा. समजा तीन डिस्कांवर ७, ४ आणि ९ असे आकडे आहेत. चौथीवर त्यांची बेरीज, २०, लिहून ठेवली. चारची डिस्क गेली, तर २० मधून ७ आणि ९ वजा करा, ४ परत मिळाला. खरं यंत्र बेरजेऐवजी सम-विषमाचा हिशेब ठेवतं आणि तो एकाच डिस्कवर न ठेवता आळीपाळीने सगळ्यांवर वाटतं, पण तत्त्व हेच. यासारखी कल्पना आयबीएममधल्या केन ओउची यांच्या १९७८ च्या पेटंटमध्ये आधीच होती. बर्कलीच्या निबंधाने तिला नाव दिलं, तिचे प्रकार लावले आणि ती जगभर नेली.

या हिशेबात एक गृहीत आहे. डिस्क एक तर चालू आहे, नाही तर बंद पडली आहे. बंद पडली की कळतं, कळलं की बदलता येते. माझ्या सर्व्हरला नेमकं हेच गृहीत नडलं.

न वाचलेल्या जागा

डिस्कवरची माहिती बारीक बारीक कप्प्यांत लिहिलेली असते आणि प्रत्येक कप्प्याचा स्वतःचा छोटा ताळाही असतो. पण तो ताळा तपासला जातो कधी? तो कप्पा वाचला जातो तेव्हाच. चुंबकीय थर एखाद्या ठिकाणी विटला, धुळीच्या कणाने ओरखडा पडला, लिहितानाच डोकं किंचित सरकलं होतं, असं काहीही झालेलं असलं तरी कोणी तो कप्पा मागेपर्यंत डिस्क गप्प असते. कणगीतल्या खालच्या धान्याला कीड लागली, तर वरून पाहणाऱ्याला दिसत नाही, तसं हे आहे.

साठवणीत बहुतेक माहिती अशी खालच्या थरातली असते. लोक गेल्या आठवड्यातल्या फायली उघडतात. दहा वर्षांपूर्वीचा शाळेचा दाखला कोणी उघडत नाही, आणि म्हणून तो ठीक आहे असं धरलं जातं. एक डिस्क गेल्यावर यंत्राला पहिल्यांदाच उरलेल्या सगळ्या डिस्क कोपऱ्यान्‌कोपरा वाचाव्या लागतात. दडलेले दोष त्याच दिवशी बाहेर येतात, आणि हाताशी जादा ताळा नसलेला दिवसही तोच असतो.

हा धोका किती मोठा आहे, याचे आकडे २००७ साली पुढे आले. नेटॲप कंपनीच्या साठवण यंत्रांमधल्या १५ लाख ३० हजार डिस्कांच्या ३२ महिन्यांच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या. ३.४५ टक्के डिस्कांवर असे दडलेले खराब कप्पे आढळले. त्यांतले निम्म्याहून जास्त दोष कोणी फाइल उघडली म्हणून सापडले नव्हते. ते यंत्राने मोकळ्या वेळात केलेल्या तपासणीत सापडले होते. त्याच वर्षी गूगलच्या तिघा अभियंत्यांनी एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास मांडला. पार्श्वभूमीतल्या वाचनात ज्या डिस्कवर पहिला दोष सापडला, ती पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता इतर डिस्कांच्या ३९ पट होती. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त अस्वस्थ करणारी आहे. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. बंद पडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कांनी त्या नोंदींतल्या चार मुख्य खुणांपैकी एकीतही काही दाखवलेलं नव्हतं.

म्हणजे डिस्कला 'बरी आहेस ना?' विचारून भागत नाही. ती वाचूनच पाहावी लागते.

गस्त

या वाचनाला इंग्रजीत बरीच नावं आहेत. स्क्रबिंग म्हणजे घासणं. मेगारेड जातीच्या कंट्रोलरवर त्याला पेट्रोल रीड म्हणतात, आपल्या भाषेत गस्त. हे नाव मला जास्त आवडतं. गस्त घालणारा काही शोधायला निघालेला नसतो. तो ठरलेल्या वेळी ठरलेल्या वाटेने फिरतो, आणि त्या फिरण्यात जे दिसेल ते दिसतं.

गस्तीचे दोन प्रकार आहेत आणि त्यांत गल्लत होते. पहिल्यात प्रत्येक डिस्क नुसती वाचतात. एखादा कप्पा वाचता आला नाही, तर बाकीच्या डिस्कांवरून त्यातली माहिती काढून पुन्हा लिहितात. दुसऱ्यात सगळ्या डिस्क एकत्र वाचून ताळा जमतो का ते पाहतात. इथे एक अडचण आहे. सगळे कप्पे वाचता आले, पण ७, ४, ९ ची बेरीज २१ दिसली, तर चूक कोणाची? आकड्याची की बेरजेची? साध्या रेडला ते कळत नाही. दुरुस्त कर म्हटलं, तर ते मुकाट्याने बेरीज बदलून मोकळं होतं. यावर सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ मध्ये झेडएफएस ही रचना खुली केली. तीत प्रत्येक तुकड्याची खूण त्या तुकड्यापासून वेगळी, वरच्या पातळीवर ठेवतात, त्यामुळे कोण खोटं बोलतंय ते सांगता येतं. तरीही ती खूण पडताळायला तुकडा वाचावाच लागतो. कुठल्याही रचनेला यातून सुटका नाही.

मग प्रश्न उरतो वेळेचा. डिस्कचं वाचणारं डोकं एका वेळी एकाच ठिकाणी असतं. ते गस्त घालत असेल, तर माणसाची फाइल थांबते. म्हणून गस्त अशा वेळी घालायची, जेव्हा माणसं काम करत नाहीत. नेटॲपच्या जुन्या यंत्रांमध्ये ती रविवारी रात्री एक वाजता सुरू व्हायची. मेगारेडवर आपणहून ठरलेलं अंतर १६८ तासांचं, म्हणजे बरोबर एक आठवडा, आणि गस्तीने यंत्राची साधारण ३० टक्के ताकद वापरायची. डेबियन लिनक्समध्ये महिन्यातला पहिला रविवार, रात्री १२:५७.

डिस्क मोठ्या होत गेल्या तशी ही वेळ अपुरी पडू लागली. सेकंदाला २०० मेगाबाइट या वेगाने १६ टेराबाइटची डिस्क पूर्ण वाचायला २२ तास लागतात, तेही दुसरं काहीच न करता. ३० टक्के ताकदीवर तीन दिवस. साठवण वाढण्याचा वेग वाचण्याच्या वेगापेक्षा कितीतरी जास्त राहिला आहे. आता एका रात्रीत गस्त पुरी होत नाही. ती तुकड्यातुकड्याने घालून, काल कुठे थांबलो ते लिहून ठेवावं लागतं.

साठवलेलं ठरलेल्या वेळी बाहेर काढून पाहण्याची रीत आपल्याला नवी नाही. जैन ग्रंथभांडारांमध्ये कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीला, पोथ्या बाहेर काढतात, पुसतात, पुन्हा बांधून ठेवतात. ही तिथी पावसाळा सरल्यावर येते. चार महिन्यांच्या दमट हवेत कुठे कसर लागली, कुठे पान चिकटलं, ते त्या दिवशी दिसतं. आमच्या घरी धान्याला ऊन दाखवायचे ते एप्रिल-मेमध्ये, पावसाच्या आधी. एकाची वेळ पावसानंतरची, एकाची पावसाआधीची, आणि दोन्ही बरोबर, कारण दोन्ही वेळा इथल्या हवेवरून ठरलेल्या. वेळापत्रक हवामानातून आणि कामाच्या चक्रातून येतं. माझं वेळापत्रक कुठून आलं होतं?

खोडदची रात्र

या प्रश्नाचं उत्तर मला सुचलं ते शेजारच्या जुन्नर तालुक्यात, विज्ञान दिनाला खोडदला गेले तेव्हा. नारायणगावहून खोडदकडे निघालं, की द्राक्षांच्या आणि टोमॅटोच्या शेतांवरून अचानक पांढऱ्या तबकड्या दिसू लागतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची ही जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. १४ खोडदजवळच्या सुमारे एक चौरस किलोमीटरात, बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. भरीव पत्र्याच्या तबकड्या परवडल्या नसत्या, म्हणून गोविंद स्वरूप यांनी ताणलेल्या तारांच्या हलक्या जाळीची रचना केली. त्या रचनेचं नावही आद्याक्षरांनी स्मार्टच. डिस्कच्या स्मार्टशी तिचा काही संबंध नाही.

२००२ पासून ही दुर्बीण जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांसाठी खुली आहे. तबकड्यांनी टिपलेले संकेत एकत्र आणून त्यांचे आकडे होतात आणि ते आकडे साठवले जातात. ठरावीक मुदतीनंतर ते इतर अभ्यासकांनाही मिळतात. त्याचं काय होऊ शकतं, याचं एक उदाहरण ठळक आहे. २०१० ते २०१२ या काळात या दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झच्या आसपास आकाशाची पाहणी केली. ते मूळ आकडे हुइब इंटेमा आणि त्यांच्या तिघा सहकाऱ्यांनी काही वर्षांनी साठ्यातून पुन्हा घेतले, नव्या पद्धतीने पहिल्यापासून प्रक्रिया केली, आणि २०१७ साली ९० टक्के आकाशाचा नकाशा आणि सुमारे ६ लाख २० हजार रेडिओ स्रोतांची यादी प्रसिद्ध केली. आकडे घेतले त्या दिवशी ही पद्धत त्यांच्यावर चालेल हे ठरलेलं नव्हतं. ते नीट राहिले होते, म्हणून चालली.

तिथल्या मैदानात उभी असताना मला माझ्या रविवारच्या रात्रीची आठवण झाली. रेडिओ लहरींना दिवस-रात्र नसते. दुर्बीण दोन्ही वेळी पाहते. उलट कमी कंप्रतेच्या निरीक्षणांना रात्र जास्त मोलाची, कारण वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर तेव्हा शांत असतो. अशा जागी 'रात्री कोणी काम करत नाही' हे वाक्य खोटं आहे, आणि त्या वाक्यावर उभं असलेलं कुठलंही वेळापत्रक तिथे चुकेल. रविवारची रात्र मोकळी असते ती सोमवार ते शुक्रवार चालणाऱ्या कचेरीत, जिथे वीज कधी जात नाही आणि यंत्रं कोणी बंद करत नाही. १२:५७ ही वेळ तिथून आली होती. ती माझ्या यंत्रात आयती येऊन बसली आणि मी ती तपासली नाही.

नाणेघाटातले आकडे

त्याच दिवशी पुढे नाणेघाटात गेले. कोकणातून जुन्नरकडे चढणारी ही सातवाहनांच्या काळातली वाट. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातकर्णीची राणी नागनिका हिच्या काळचा ब्राह्मी लेख आहे. सातवाहन राजघराण्यातल्या माणसांचे पुतळेही तिथे होते. त्यांची वर कोरलेली नावं राहिली, पुतळे गेले. १८२० च्या दशकात विल्यम साईक्स यांना हा लेख दिसला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो बारकाईने उतरवून घेतला, त्यातले अंक ओळखले. १८८३ मध्ये गेओर्ग ब्यूलर यांनी त्याचं वाचन प्रसिद्ध केलं. नंतर वा. वि. मिराशींसह अनेकांनी त्या वाचनाला हरकती घेतल्या, पुन्हा वाचलं.

लेखात यज्ञांची आणि दक्षिणेची यादी आहे. एका ठिकाणी १७०० गाई आणि १० हत्ती. मध्येमध्ये दगड फुटलेला आहे. शब्दातलं एखादं अक्षर गेलं, तर मागच्या-पुढच्या शब्दांवरून विद्वान ते भरून काढतात, कारण भाषेत थोडा ताळा आपोआपच असतो. आकड्याचं तसं नाही. एक खूण गेली, की किती गाई दिल्या हे अंदाजानेही सांगता येत नाही. खोडदचे आकडे याच जातीचे. आमच्या फोटोवर दोष आला, तर करडा पट्टा दिसतो आणि पाहणाऱ्याला कळतं. आकड्यांच्या रांगेत एक आकडा बदलला, तर पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. म्हणून जे डोळ्यांनी तपासता येत नाही, त्याची गस्त जास्त कडक हवी.

बाजाराचा दिवस

आता ते न झालेलं वाचन. आमचं कार्यालय सायंकाळी सहाला बंद व्हायचं. वीज कधीही जायची, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या जुन्या होत्या, म्हणून निघताना गुरुजी स्वतः सर्व्हर बंद करायचे, नीट, शिकवल्याप्रमाणे. रविवारी सुट्टी. त्यामुळे पहिल्या रविवारी रात्री १२:५७ ला ते यंत्र कधीच चालू नव्हतं. आणि ज्या साध्या घड्याळावर हे वेळापत्रक टांगलेलं होतं, ते चुकलेलं काम दुसऱ्या दिवशी आठवून करत नाही. वेळ गेली की गेली. पुढचा रविवार महिन्याने.

गुरुजींना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे जपायला म्हणून मी जे रोज करत होतो, त्यानेच गेलं?" तसं नव्हतं. विजेच्या धक्क्याने चारही डिस्क एकदम गेल्या असत्या. यंत्र रात्री बंद राहणार, हे माहीत असून मी वेळापत्रक उघडून पाहिलं नाही, हे खरं. तो दोष माझा. आमच्याकडे शेतपंपांना थ्री फेज वीज पाळीपाळीने येते, कितीदा रात्रीची. बिबट्याची भीती असूनही लोक बॅटरी आणि काठी घेऊन मोटार चालू करायला जातात. रात्र म्हणजे मोकळा वेळ, असं या तालुक्यात वाढलेल्या माणसाने तरी गृहीत धरायला नको होतं.

बिघडलेल्या डिस्कवरून जेवढं वाचता आलं तेवढं आम्ही कप्प्याकप्प्याने उतरवून घेतलं. बहुतेक सगळं वाचलं. पहिल्या दोन वर्षांची दुसरी प्रत एका वेगळ्या डिस्कवर होती, ती कामी आली. रेड ही दुसरी प्रत नव्हे, हे तेव्हा पुरतं पटलं. जे गेलं त्यासाठी आम्ही पुन्हा घरोघर गेलो. एका शाळेच्या हजेरीपटाची झेरॉक्स मंचरला एका कुटुंबाकडे निघाली. दोन फोटो मुंबईतल्या नातेवाइकांनी पाठवले. ओव्यांच्या एका कॅसेटसाठी गेलो, तर आजी वारल्या होत्या. कॅसेट होती. सुनेने ती लावून दाखवली. आम्ही परत दिल्यावर घरच्यांनी तिच्यावर काकड्याची भजनं भरली होती. तुम्ही घेऊन ठेवलंय ना, मग आम्हाला काय गरज, असं त्यांना वाटलं होतं. त्यांचं चुकलं नव्हतं. कायमचं राहिलं, असं आम्हीच सांगून आलो होतो.

नवं वेळापत्रक गुरुजींनीच ठरवलं. आठवडे बाजाराच्या दिवशी दुपारी कार्यालयात कोणी येत नाही, सगळे बाजारात असतात. त्या दिवशी अकरा ते पाच यंत्र गस्त घालतं, जिथे थांबेल तिथून पुढच्या आठवड्यात सुरू करतं. बाजाराच्या दिवशी वीज गेली, तर दुसऱ्या दिवशी. आणि गस्त झाली की नाही, हे पाहायचं काम यंत्रावर सोडलेलं नाही. दाराजवळ कॅलेंडर आहे. त्यावर गुरुजी पेनने बरोबरची खूण करतात.

चौथ्या आठवड्यात नोंदीत एक ओळ आली. एका डिस्कवरचे काही कप्पे वाचता आले नव्हते. बाकीच्या तिनांवरून माहिती काढून यंत्राने ते पुन्हा लिहिले होते. कोणती फाइल होती ते मी शोधून काढलं. पाण्याखाली गेलेल्या एका वाडीतल्या लग्नाचा फोटो, मांडवात बसलेली माणसं. आम्ही तो उघडला. सगळे चेहरे जागेवर होते.